वरचं रक्त, खालचं रक्त

मशीन फिरायचं थांबलं, की बाई एकेक ट्यूब उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरायच्या. तळाशी लाल रक्त बसलेलं असायचं आणि त्याच्या वर पिवळसर पाणी, लॅबच्या भाषेत सीरम. त्या पाण्यातून पलीकडचा वार वाचता आला, तर ट्यूब नितळ. अक्षरं धुरकटली, तर गढूळ. आणि पलीकडे महिना आहे की नुसती भिंत, हेही कळेनासं झालं, की बाई स्वतःशीच म्हणायच्या, "हं, आलं दूध."

रक्तात चरबी असली की ट्यूब गढूळ होते आणि तिच्यावर खूण करावी लागते, एवढं खरं. पण त्याला एक नजर पुरते. बाई मात्र वार वाचायच्या. सोमवार सोमवारसारखा दिसला, की त्यांना बरं वाटायचं. जणू त्या माणसाचा आठवडा सुरळीत जाणार.

लॅब बाजारामागच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. चढायला अरुंद जिना, दोन खोल्या, एक खिडकी. त्या गावाचे दोन भाग होते. खाली सपाटीवर बाजार, कचेऱ्या, शाळा. आणि वळणावळणाच्या रस्त्याने तासाभराच्या चढावर वरची वस्ती, जिथे खाली पंखे फिरत असतानाही लोक स्वेटर घालायचे. वरच्यांचे रिपोर्ट दुपारच्या बसने पाठवायचे असत, म्हणून त्यांच्या ट्यूबा वेगळ्या रॅकमध्ये ठेवायची पद्धत होती. ती पद्धत नसती, तर बाईंच्या डोक्यात पुढचं काही शिरलंच नसतं. दोन रॅक शेजारी शेजारी उभ्या असल्यामुळेच रोज दिसायचं: खालच्यांच्या रॅकमध्ये वार वाचता येतो, वरच्यांच्या रॅकमध्ये दूध.

आणि बाईंना एखादी गोष्ट दिसली आणि त्यांनी विचारली नाही, असं कधी झालं नव्हतं. चष्मेवाल्याने त्यांचं नाव 'चौकशी' ठेवलं होतं. "चौकशी उघडली का वर?" असं तो सकाळी पेशंटांना विचारायचा. लहानपणी त्यांनी पाहुण्यांना विचारलं होतं, तुम्ही जाणार कधी, म्हणजे तुमचा पलंग मला मिळेल. आईने पाठीत धपाटा घातला, पण सवय गेली नाही. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती वर गेली, धाकट्या बाई खालीच राहिल्या. त्यांनी लग्न केलं नाही. का, हे मात्र त्यांना कुणी विचारू शकलं नाही, कारण समोरच्याने तोंड उघडायच्या आत बाईंचेच तीन प्रश्न झालेले असत.

रक्त काढतानाही तेच. दंडाला पट्टा बांधायचा, बोटाने शीर चाचपायची, आणि सुई आत जाईपर्यंत माणसाला बोलतं ठेवायचं. बाकीचे हवापाण्याचं विचारतात. बाई विचारायच्या, "वरती पाणी कोण भरतं? तुम्ही की मोटर?"

"मोटर."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी आम्हीच. का हो? रक्त काढताय की जनगणना?"

"झालं. कापूस दाबून धरा. जेवता किती वाजता?"

वरच्यांच्या रक्ताबद्दल सगळ्यांकडे आपापलं उत्तर होतं. वरचे म्हणायचे, थंडीने रक्त दाट होतं, त्यात काय एवढं. खालचे म्हणायचे, लोण्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही. चष्मेवाल्याचं म्हणणं असं, की उंचावर माणसाला उगाच मोठेपणा येतो, तोच रक्तात उतरतो. बाईंना यातलं कुठलंच पटत नव्हतं आणि कुठलंच सोडवतही नव्हतं. त्यांचा सगळ्यात जास्त जीव रस्त्यावर होता. पूर्वी वरची माणसं पायी चढायची-उतरायची. मग डांबरी रस्ता आला, बस आली. पाय थांबले, पण ताटातलं तेवढंच राहिलं. त्यामुळे असेल?

नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरांना त्यांनी हे ऐकवलं. डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले, की टेबलाखाली बूट काढून बसायचे; बाईंनी ते पहिल्या दिवशीच हेरलं होतं.

"असेल," डॉक्टर म्हणाले. "पण बाई, वरून आपल्याकडे येतं कोण?"

"म्हणजे?"

"खालचा माणूस बाजाराला येतो, जाता जाता रक्त देऊन जातो. धडधाकट असला तरी. वरचा माणूस पहाटेची बस पकडून कधी येणार? चढताना दम लागायला लागला, की. तुमच्या एका रॅकमध्ये सगळे आहेत, दुसऱ्यात फक्त धापा टाकणारे. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण तुम्ही शितं वेचताय पातेल्याच्या तळाची."

बाईंना हे आवडलं. त्या दिवसभर खुशीत होत्या. आपल्याला जे सुचलं नाही ते दुसऱ्याने सांगितलं, की काही माणसांना राग येतो. बाईंना भूक लागायची. मग त्यांना आठवलं, की धापा टाकणाऱ्यांपैकी एक आपल्याच घरातली आहे, आणि ती अजून कुठल्याच रॅकमध्ये आलेली नाही.

रविवारी त्या वर गेल्या. थोरल्या बहिणीचं, ताईंचं घर रस्त्यापासून वर, पायऱ्यांच्या टोकाला होतं. ताई पाण्याची कळशी घेऊन निम्म्या पायऱ्यांवर थांबल्या होत्या. कठड्यावर हात, तोंड दुसरीकडे, जणू कुणाची तरी वाट बघताहेत.

"का थांबलीस?"

"आली का चौकशी! फुलं बघत होते."

कठड्याजवळ एकही फूल नव्हतं. बाईंनी कळशी घेतली. आत गेल्यावर ताई बराच वेळ पाठ टेकून बसल्या आणि छातीच्या मधोमध तळहात ठेवून तो हळूच खाली सरकवला, साडीची चुणी सारखी करावी तसा.

"कधीपासून?"

"काय कधीपासून? वय झालं."

"रक्त दे उद्या. मी आलेच आहे, माझ्याबरोबर खाली चल."

"अगं धाकटे, देऊन काय होणार? कोलेस्टेरॉल वाढलेलंच निघणार. वरच्या वाडीतल्या सगळ्यांचं वाढलेलं आहे. त्या शिंपिणीचं, तिच्या जावेचं, पोस्टमनचं. घरोघरी मातीच्या चुली."

"सगळ्यांचं आहे म्हणून तुझं चालेल?"

"सगळे चालतायत की!"

वर ही गोष्ट इतकी सर्रास होती, की ती असूनही नसल्यासारखी झाली होती. ताप सगळ्या गावाला असता, तर कपाळावर हात कुणी ठेवला असता? त्यांचे वडील असेच एकदा चालता चालता रस्त्याच्या कडेला बसले होते, थांबून जरा दम घेतो म्हणाले, आणि उठले नाहीत. दोघी तेव्हा शाळेत होत्या. लोक म्हणाले, ऊन लागलं. ऊनच असेल, असं दोघींनी धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. बाई एकट्याच पहाटेच्या बसला थांब्यावर उभ्या राहिल्या. कडाक्याची थंडी होती. थांब्याजवळच्या टपरीवर गर्दी. बघतात तर काय, अर्ध्याअधिक लोकांच्या खिशातून लॅबच्या चिठ्ठ्या डोकावताहेत, आणि प्रत्येकाच्या हातात चहा. साधा नव्हे. टपरीवाला प्रत्येक पेल्यात चमचाभर साय सोडत होता, वर लोणी फासलेला पाव देत होता, आणि लोक तो पाव चहात पुरता भिजवून गट्टम करत होते.

पोस्टमन तिथेच होता. बाईंना बघून त्याने नमस्कार केला, हातातला पेला न ठेवता.

"तुम्ही आज रक्त द्यायला येताय ना?" बाईंनी विचारलं.

"हो तर. तुमच्याकडेच."

"उपाशीपोटी यायला सांगितलं होतं."

"उपाशीच आहे की. रात्रीपासून दाताला काही लागलेलं नाही."

"आणि हे काय?"

"हा चहा आहे, बाई."

"आणि पाव?"

पोस्टमनने पेल्यात पाहिलं. "बुडवलेला आहे," तो म्हणाला. "चावलाय कुठे?"

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. हे सगळ्यांना मान्य होतं. वरच्या वस्तीत उपाशी म्हणजे दातांना सुट्टी. पहाटेच्या थंडीत बसची वाट बघत चहाशिवाय उभं राहणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा, आणि रक्त देताना मूर्खपणा करा असं कुणी डॉक्टर सांगेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर शिंपिणीने बाईंना हळूच विचारलं, "म्हणजे चहाही चालत नाही?" बाईंनी कपाळाला हात लावला आणि मग एकदम हसू फुटलं. आख्खी बस हसली. कशाला, ते निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

एवढ्या वर्षांचं कोडं सायीच्या चमच्यात निघालं, म्हणून बाई हवेत होत्या. लॅबमध्ये पोचल्या पोचल्या त्यांनी ताईंना फोन लावला. "अगं ताई, चहा! तुमचं रक्तबिक्त काही दाट नाही. सगळा चहा आहे!"

"मी सांगत नव्हते?" पलीकडून ताई म्हणाल्या. आवाजात सुटकेचा सुस्कारा होता. "उगाच घाबरवत होतीस."

फोन ठेवल्यावर त्या सुस्काऱ्याने बाईंना अस्वस्थ केलं. पायऱ्यांवरचा तो थांबलेला क्षण चहाने झालेला नव्हता.

डॉक्टरांनी सगळी हकीगत ऐकली, भिजवलेल्या पावाला खदखदून हसले, आणि मग म्हणाले, "चला, आपणच वर जाऊ. टपरी उघडायच्या आधी. आणि फक्त धापा टाकणाऱ्यांचं नाही, जो उठून येईल त्याचं घेऊ."

वरच्या शाळेच्या खोलीत त्यांनी बाकं जोडली. टपरीवाला दारात उभा राहून कुरकुरत होता, की सरकारने आता चहावर बंदी आणली. लोक कुडकुडत आले, पण पुढे कुणी होईना. तेव्हा ताई बाकावर बसल्या आणि त्यांनी बाही वर केली. बहिणीच्या प्रेमाने नव्हे. शिंपीण "तुमचीच बहीण आणि तुम्हीच घाबरता" असं म्हणाली होती म्हणून.

"हळू टोच."

"चहा?"

"नाही घेतला. शपथ. डोकं दुखतंय बघ त्याने."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या दंडाला पट्टा बांधला. शीर पटकन मिळाली. अगदी आपल्या हातावर असते तिथेच, कोपराच्या जरा आतल्या अंगाला. या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

लॅबमध्ये मशीन थांबलं. बाईंनी पहिली ट्यूब उचलली ती ताईंचीच. कॅलेंडरसमोर धरली. गुरुवार. काना, मात्रा, उकार, सगळं लख्ख. जणू मध्ये काही नव्हतंच. मग पोस्टमन: गुरुवार. शिंपीण: जरासा धुरकट, पण गुरुवार. अख्खी रॅक नितळ निघाली. "काच आहे, नुसती काच," बाई डॉक्टरांना म्हणाल्या, आणि ताईंना फोन करायला निघाल्या.

"आकडे येऊ द्या," डॉक्टर म्हणाले.

आकडे आले. वरच्यांचे ट्रायग्लिसराइडचे आकडे, म्हणजे ट्यूब गढूळ करणाऱ्या चरबीचे, खरोखरच खाली आले होते. दुसरे, कोलेस्टेरॉलचे, मात्र बऱ्याच जणांचे चढेच होते. आणि त्या सगळ्यांच्या वर, बाकीच्यांना मागे टाकून, ताईंचं कोलेस्टेरॉल होतं.

बाईंनी लेबल तपासलं. आपल्याच अक्षरातलं. ट्यूब पुन्हा आकडे देणाऱ्या मशीनमध्ये घातली. आकडा तोच. त्यांनी ट्यूब पुन्हा कॅलेंडरसमोर धरली, आणि गुरुवार अजून तसाच स्वच्छ दिसत होता, याचा त्यांना राग आला.

"एक चरबी दुधासारखी," डॉक्टर म्हणाले. ते हे हळू सांगत होते, कारण बाईंना ते माहीत होतं हे त्यांना माहीत होतं. "खाल्लं की चढते, काही तासांनी उतरते. आली की दिसते. दुसरी पाण्यात विरघळलेल्या साखरेसारखी. उजेडात धरलं तरी दिसत नाही. ती चहाने चढत नाही आणि उपाशी राहून उतरतही नाही."

बाई हे शिकल्या होत्या. परीक्षेत लिहिलंही होतं. पण एवढी वर्षं वार वाचता वाचता त्यांचा डोळ्यांवर असा काही विश्वास बसला होता, की जे दिसत नाही ते नाहीच, असं त्यांनी कधीतरी नकळत ठरवून टाकलं होतं. त्या स्टुलावर बसल्या.

"इतका चढा आकडा नुसत्या लोण्याने होत नाही सहसा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बूट पायात घातले, हे बाईंनी पाहिलं. "घरात कुणाला हृदयाचं काही?"

"वडील. पण त्यांना ऊन लागलं होतं."

डॉक्टरांनी ताईंचा रिपोर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुमचं रक्त कधी तपासलंय?"

अर्ध्या गावाचं रक्त बाईंच्या हातून गेलं होतं, स्वतःचं कधीच नाही. काखेत कळसा, असं चष्मेवाल्याने नक्की म्हटलं असतं. त्या तर खालच्या. जन्मल्या खाली, राहिल्या खाली, रोज जिना चढतात, चहात साय घालत नाहीत. खालच्यांच्या रॅकमध्ये वार वाचता येतो.

त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काही न खाता-पिता डावा हात पुढे केला. डॉक्टरांना शीर सापडेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, "कोपराच्या आतल्या अंगाला बघा. आमच्याकडे तिथे असते."

त्यांची ट्यूबही नितळ होती. शुक्रवार. आणि आकडा ताईंच्या आकड्याच्या इतका जवळ, की दोघी एकाच बाकावर खेटून बसल्यासारख्या.

शनिवारी लॅब अर्धी उरकून त्या दुपारच्या बसने वर गेल्या. ताई गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. बाईंनी काही न सांगता त्यांचा रिपोर्ट हातात दिला. ताईंनी चष्मा लावला, वाचला, घडी घातली.

"म्हटलं नव्हतं? वर राहणाऱ्यांचं असतंच असं."

मग बाईंनी दुसरा कागद दिला. ताईंनी तोही वाचला. नाव पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे तुझं आहे."

"हो."

"तू तर खाली असतेस."

"जन्मापासून."

वाऱ्याने दोरीवरची चादर फुगली आणि खाली बसली. ताई कठड्याला टेकल्या. या वेळी फुलं बघते म्हणाल्या नाहीत.

"म्हणजे बाबांना..." त्या म्हणाल्या.

"ऊन नव्हतं बहुतेक."

मग ताईंनी हात पुढे करून धाकट्या बहिणीचं मनगट धरलं. सहज धरतात तसं नाही, नाडी बघतात तसं. "तुला काही होतं का गं? चढताना?"

आयुष्यभर प्रश्न विचारणाऱ्या बाईंना घरच्या कुणी तरी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल विचारलं होतं.

"डॉक्टर देतील त्या गोळ्या मी घेते," ताई म्हणाल्या. "पण तू घेतेस की नाही हे मला कसं कळणार? तू म्हणजे दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी. मी रोज फोन करीन. मी घेतली असं आधी मी सांगणार, मग तू."

सोमवारी डॉक्टरांनी ताईंचं हृदयही तपासून घ्यायला लावलं, आणि ते वेळेत झालं, एवढंच म्हणाले. त्या पायऱ्या ताई पुढे पुष्कळ वर्षं चढल्या, मध्ये थांबून, पण कारण खरं सांगून.

वरच्या आणि खालच्या रक्ताचं कोडं मात्र पुरतं कधीच सुटलं नाही. चहा वजा केला, धापा टाकणारे वजा केले, तरी वरचा आकडा खालच्यापेक्षा जरा चढाच राहिला. रस्ता असेल, लोणी असेल, त्याच त्या पाच-सहा घरांत होणाऱ्या सोयरिकी असतील, किंवा सगळ्याचं थोडं थोडं. डॉक्टर बदलून गेले, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "कळलं तर कळवा हं." बाईंनी पुढे थांब्यावर पाटी लावून घेतली: रक्त देणाऱ्यांना चहा मिळणार नाही. टपरीवाल्याने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: परत येताना दोन घ्या. आणि आता पट्टा बांधताना बाई आणखी एक प्रश्न विचारायच्या. तुम्ही कुठले, हे नाही. तुमचे वडील किती वर्षांचे असताना गेले, आणि कशाने.

कॅलेंडरसमोर ट्यूब धरायचं त्यांनी सोडलं नाही. वार वाचायच्या, आणि मग ट्यूबला म्हणायच्या, "तू काय सांगणार म्हणा."

बाई चांगल्या म्हाताऱ्या होऊन गेल्या, वडिलांच्या वयाच्या कितीतरी पुढे, झोपेत, कुणालाही तसदी न देता. त्या संध्याकाळीही ताईंचा फोन आला होता. ताईंनी शिंपिणीच्या नातीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, आणि शेवटी, मी घेतली गं, म्हणाल्या.

"मीही घेतली," बाई म्हणाल्या. "बरं, ठेव आता, गॅसवर दूध आहे."